मुलाला नेटवर्किंग कोठें शिकवावें?



बारावीचे निकाल लागले कीं शहरांतल्या रस्त्यांवर फलकांचें एक नवें पीक उभें राहतें. विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, स्टेशनाच्या जिन्यावर जिकडे तिकडे एकच घोष : 'नेटवर्किंग शिका, 100 टक्के नोकरी मिळवा!' मग घरोघर रात्रीच्या पानावर वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, अमक्या क्लासाला माझे तीन मित्र जाताहेत. वडील फीचा आंकडा ऐकून घांस हातांतच धरतात. आई म्हणते, पैशांचें कसेंहि करूं, पण पुढें काय? आणि शेवटीं कोणी तरी तोडगा काढतो कीं, मास्तरांना विचारूं या.

आमच्या पेठेंत हे मास्तर म्हणजे मी. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. सारी हयात मराठी शाळेंत गणित शिकविण्यांत गेली. राऊटर नांवाची पेटी मीं उघडी पाहिली ती साठी उलटल्यावर. तेव्हां या विद्येचा मी पंडित नव्हे, हें आधींच सांगून टाकतों. परंतु शिकविणें म्हणजे काय, आणि शिकविण्याचें सोंग म्हणजे काय, हें ओळखण्यांत माझे केस पांढरे झाले आहेत. पेन्शन घेतल्यापासून ओळखीच्या मुलांबरोबर मी बऱ्याच क्लासांचे जिने चढलों, मागच्या बांकावर बसून धडे ऐकले, कांहीं वह्या घरीं आणून वाचल्या. त्या अनुभवांतून जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम ही विद्या आहे तरी कसली, तें पाहूं. दोन संगणकांनीं एकमेकांशीं बोलावें, ही मूळ कल्पना. 29 ऑक्टोबर 1969 रोजीं अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. म्हणजे या विद्येचा जन्मच मुळीं बिघाडांत झाला, आणि आजहि तिचें निम्मे काम बिघाड शोधण्याचेंच आहे. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांना इंटरनेट खुलें झालें तें 15 ऑगस्ट 1995 रोजीं. आतां बँकेचा व्यवहार, रेल्वेचें तिकीट, इस्पितळांतला तपासणीचा कागद, सारें याच जाळ्यांतून धांवतें. तें जाळें विणणारा आणि फाटलें तर सांधणारा जो कारागीर, तोच नेटवर्कचा इंजिनियर. स्विच म्हणजे कोणत्या खोलींत कोण राहतो हें पाठ असलेला वाड्याचा भय्या. राऊटर म्हणजे पत्रें गांवोगांव वांटून देणारी टपालाची सॉर्टिंग कचेरी. एवढें लक्षांत ठेवलें तरी घरच्या माणसांना पुढचें बोलणें समजेल.

कामाचें स्वरूपहि घरच्यांनीं आधींच जाणून घ्यावें. सुरवातीला शिडीवर चढून छतांतून केबल ओढावी लागते. मोठ्या कंपन्यांच्या देखरेखीच्या खोलींत रात्रपाळी असते. आणि ज्या दिवशीं सर्व सुरळीत चालतें, त्या दिवशीं कोणी शाबासकी देत नाहीं. ज्या मुलाला कोडीं सोडवायची आवड आहे, त्याला हें आवडतें. मुलींनाहि तें तितकेंच जमतें, हें मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. किंबहुना टिपणवही नीट ठेवण्याची संवय असल्यामुळें कित्येकदां त्याच पुढें जातात.

आतां क्लासाकडे वळूं. माझ्या मतें पारख करण्याची पहिली आणि जवळ जवळ शेवटची जागा म्हणजे फळा. इमारत, वातानुकूलित हवा, काचेचीं दारें, हें सारें सोडून द्यावें. 'आम्हांला एक धडा ऐकूं द्या' असें सरळ म्हणावें. आणि तो धडा त्यांनीं खास पाहुण्यांसाठीं बसविलेला नसावा. चालू वर्गांतला, त्या दिवशींचा असावा. जो चालक ही परवानगी देत नाहीं, त्याच्याकडून परत फिरावें. मुद्दाम मागून घ्यायचा असेल तर आयपी पत्त्यांची विभागणी, ज्याला सबनेटिंग म्हणतात, तो धडा मागावा. कारण खरा शिक्षक आणि पाठांतर करणारा यांच्यांतला फरक तेथें पांच मिनिटांत दिसतो.

हा धडा मला फार आवडला, म्हणून थोडक्यांत सांगतों. प्रत्येक यंत्राला चार आंकड्यांचा एक पत्ता असतो, उदाहरणार्थ 192.168.10.5. यांतला प्रत्येक आंकडा 0 ते 255 यांच्या दरम्यान असतो, कारण तो आठ घरांत मांडलेला असून प्रत्येक घरांत शून्य किंवा एक एवढेंच बसतें. दोनाचा आठवा घात 256. आतां समजा, एका शाळेंत कचेरी, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि शिक्षकांची खोली अशीं चार खातीं आहेत आणि चारहि वेगवेगळीं ठेवायचीं आहेत. 256 ला चारांनीं भागलें, प्रत्येकाला 64 पत्ते आले. पण त्यांतला पहिला पत्ता त्या गटाचें नांव म्हणून राखून ठेवतात आणि शेवटचा गटांतल्या सर्वांना एकदम हांक मारण्यासाठीं. म्हणून यंत्रांना उरतात 62. पहिला गट 0 पासून, दुसरा 64 पासून, तिसरा 128 पासून, चौथा 192 पासून. गट कोठें तुटतो हें सांगणारा जो आंकडा, ज्याला मास्क म्हणतात, तो 256 मधून 64 वजा करून येतो : 255.255.255.192. झालें! आतां 192.168.10.130 हा पत्ता कोणत्या गटांतला? जो मुलगा क्षणभर विचार करून 'तिसऱ्या' म्हणेल, त्याला कळलें.

एका क्लासांत हाच धडा मीं ऐकला. शिकविणाऱ्या गृहस्थांनीं भिंतीवर तयार तक्ता दाखविला आणि मुलांना म्हणाले, 'हा पाठ करा, परीक्षेला येतो.' एका मुलीनें विचारलें कीं, सर, दोन पत्ते कां वजा करायचे? त्यांनीं उत्तर दिलें, 'तसा नियमच आहे.' दुसऱ्या ठिकाणीं, एका जुन्या इमारतींतल्या दोन खोल्यांच्या क्लासांत, एक तरुण बाई शिकवीत होत्या. त्यांनीं खडूनें आठ घरें काढलीं, एकेका मुलाला उठवून शून्य आणि एक भरायला लावलें, एकानें चूक केली तर ती पुसली नाहीं, 'असें केलें तर काय होईल?' म्हणून ती चूक शेवटपर्यंत ओढून नेली. दोन यंत्रांना एकच पत्ता आला, तेव्हां वर्ग हंसला आणि धडा संपला. फी पहिल्या क्लासाची दुप्पट होती आणि काचेचीं दारेंहि तेथेंच होतीं.

बाकीच्या गोष्टी ओघानें येतात. बिघाड शोधायला कसें शिकवितात, हें विचारावें. चांगला शिक्षक चालतें जाळें मुद्दाम मोडून ठेवतो : एका यंत्राचा दरवाज्याचा पत्ता, म्हणजे गेटवे, चुकीचा लिहितो, एक केबल अर्धवट काढतो, एखादें दार भलत्याच गटांत घालतो, आणि मुलाला सांगतो, शोध. मुलगा प्रथम स्वतःच्या यंत्राला हांक मारून पाहतो, मग शेजाऱ्याला, मग गेटवेला, मग बाहेरच्या जगाला; जेथें उत्तर थांबलें, तेथें दोष. वैद्यानें नाडीपासून सुरवात करावी, तसाच हा क्रम. ज्या क्लासांत वर्षभर सर्व कांहीं बिनचूक चालतें, तेथें मुलगा कांहींच शिकत नाहीं, असें खुशाल समजावें.

उपकरणांविषयीं लोकांचा फार गैरसमज आहे. दालनभर चकचकीत पेट्या असल्या म्हणजे क्लास मोठा, असें नव्हे. शिकायला दोन-तीन राऊटर आणि दोन-तीन स्विच पुरतात; ते वापरलेले असले तरी बिघडत नाहीं. विचारायचें तें हें कीं, एका पेटीभोंवतीं मुलें किती? पंधरा मुलांत एक पेटी असेल तर तेरा जण प्रेक्षक. शिवाय सिस्को कंपनीच्या शिक्षणविभागानें, जो 1997 सालीं सुरू झाला, 'पॅकेट ट्रेसर' नांवाचें एक साधन विनामूल्य ठेवलें आहे. त्यांत घरच्या संगणकावर खोटें जाळें उभारून खरा सराव करतां येतो. हें फुकटचें साधन 'आमची खास प्रयोगशाळा' म्हणून जादा पैशाला विकणारे महाभागहि मला भेटले आहेत. तथापि केवळ पडद्यावरच्या सरावानें हात तयार होत नाहीं. केबलीच्या आंत आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात; त्यांचे रंग ठराविक क्रमानें लावून, चिमट्यानें दाबून टोंक बसवावें लागतें; आणि अशी तांब्याची केबल 100 मीटरपेक्षां लांब टाकूं नये, असा दंडक आहे. प्रत्येक मुलाकडून निदान दहा टोंकें बसवून घेतात कीं नाहीं, तें विचारावें. मुलाच्या बोटांवर दोन-चार ओरखडे दिसले तर समाधान मानावें.

प्रमाणपत्रांचा घोटाळा मात्र नीट समजून घेतला पाहिजे, कारण पैसा तेथेंच बुडतो. क्लास स्वतःचें जें सोनेरी कडांचें प्रमाणपत्र देतो, त्याला नोकरीच्या बाजारांत फारसें मोल नाहीं. मोल आहे तें बाहेरच्या परीक्षेला. सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा सर्वांत प्रसिद्ध. तिची मुदत 120 मिनिटांची आणि फी 300 अमेरिकन डॉलर, कर वेगळा. ही फी क्लासाच्या फींत धरली आहे कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. कित्येक आईबाप हें शेवटच्या महिन्यांत विचारतात आणि मग तोंडाला फेंस येतो. दुसरी परीक्षा कॉम्पटिया संस्थेची नेटवर्क प्लस. तिच्यांत 90 मिनिटांत जास्तींत जास्त 90 प्रश्न असतात, आणि ती कोणत्याहि एका कंपनीच्या यंत्रांशीं बांधलेली नाहीं. दोन्ही प्रमाणपत्रें तीन वर्षें चालतात, पुढें तीं नवीं करून घ्यावीं लागतात. आणि या परीक्षांना बसायला कोणत्याहि क्लासाची शिफारस लागत नाहीं. घरीं अभ्यास करूनहि बसतां येतें. 'आमच्याखेरीज परीक्षेला बसतांच येत नाहीं' असें जो सांगेल, त्याची पुढची वाक्यें ऐकण्याचें कारण नाहीं.

अभ्यासक्रम ताजा आहे कीं शिळा, हें ओळखण्याची एक सोपी खूण सांगतों. सीसीएनएची फेररचना फेब्रुवारी 2020 मध्यें झाली. पूर्वी ती परीक्षा दोन भागांत देतां येत असे, आतां एकच पेपर आहे; पूर्वी रिप नांवाची मार्ग शोधण्याची जुनी पद्धत शिकावी लागे, ती गेली; आणि जाळ्याचीं कामें प्रोग्राम लिहून आपोआप करून घेण्याचा भाग नव्यानें आला, ज्याला दहा टक्के गुण आहेत. ऑगस्ट 2024 मध्यें आणखी थोडी भर पडली. क्लासाची वही उघडून पाहावी. तींत दोन पेपरांचा उल्लेख असेल, तर ती 2020 पूर्वींची. तसेंच नव्या लांब पत्त्यांचा, म्हणजे आयपी सहाचा, धडा आहे कीं नाहीं तें पाहावें. जुन्या पद्धतींत एकूण पत्ते 4,29,49,67,296 इतकेच होतात, आणि वांटायला राखून ठेवलेला त्यांचा जागतिक सांठा 3 फेब्रुवारी 2011 रोजींच संपला. तेव्हां जो क्लास नवे पत्ते 'पुढें केव्हां तरी' म्हणून सोडून देतो, तो मुलाला अर्धेंच शिकवितो.

याच ठिकाणीं एका वाईट चालीविषयीं बोललें पाहिजे. कांहीं क्लास फुटलेल्या प्रश्नांच्या याद्या विकत आणून मुलांकडून पाठ करून घेतात आणि 'शंभर टक्के पास' म्हणून दवंडी पिटतात. परीक्षेला बसतांना मुलगा गुप्ततेचा करार मान्य करतो. तो मोडल्याचें उघडकीस आलें तर प्रमाणपत्र रद्द होतें. पण त्याहूनहि मोठी हानि वेगळीच आहे. मुलाखतींत समोरचा माणूस कागद बाजूला सारून म्हणतो, 'ही केबल घ्या, हीं दोन यंत्रें जोडून दाखवा.' तेव्हां पाठांतर घामाबरोबर वाहून जातें.

आमच्या आळींत एक बाई डबे करून देतात. नवरा गेल्यावर दोन मुलें त्यांनीं पोळपाटावर वाढविलीं. धाकटा माझा विद्यार्थी, हिशेबांत चलाख. त्यानें एका क्लासांत नांव घातलें. फी 70 हजार रुपये. त्या बाईंनीं 20 हजार रोख दिले आणि उरलेल्यांचे हप्ते करून देतों म्हणून क्लासवाल्यांनीं कोठें सही, कोठें मोबाइलवर आलेला आंकडा असें दहा मिनिटांत उरकून घेतलें. तीन महिन्यांत शिकविणारे तीन गृहस्थ बदलले. चौथ्या महिन्यांत वर्ग केवळ रविवारीं भरूं लागला. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलें गेलीं तों दाराला कुलूप. तेव्हां त्या बाईंना कळलें कीं, तो हप्ता क्लासाचा नव्हताच. एका कर्ज देणाऱ्या कंपनीनें सारी रक्कम क्लासाला आधींच मोजून दिली होती, आणि कर्जदार म्हणून नांव होतें बाईंचें. दर महिन्याच्या 5 तारखेला त्यांच्या खात्यांतून पैसे कापले जात. क्लास बंद झाला होता, हप्ता बंद झाला नव्हता. सहा महिने त्यांनीं पहाटे चाराऐवजीं तीनला उठून दहा डबे जास्त केले. मुलगा पुढें एका केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराच्या हाताखालीं उमेदवारी करून, रात्रीं पॅकेट ट्रेसरवर सराव करून शिकला, ही गोष्ट निराळी.

म्हणून पैशांच्या बाबतींत मी फार कडक आहें. हप्ते असतील तर ते कोणाचे, क्लासाचे कीं तिसऱ्या कंपनीचे, हें कागदावर वाचल्याशिवाय सही करूं नये. शक्य तर फी महिन्याची महिन्याला द्यावी. सबंध वर्षाची फी आधीं दिल्यास सवलत मिळते, परंतु ती सवलत म्हणजे आपण क्लासावर घेतलेल्या जोखमीची किंमत असते. जीएसटी धरून रक्कम किती, मध्यें सोडल्यास परत किती, शिक्षक बदलल्यास काय, हें लेखी घ्यावें आणि पावती जपावी.

'नोकरीची हमी' या शब्दांना तर मुळींच भुलूं नये. 13 नोव्हेंबर 2024 रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. त्यांत निवडीची वा नोकरीची खोटी हमी देण्यास मनाई आहे, आणि विद्यार्थ्याचें नांव वा फोटो त्याच्या यशानंतर लेखी संमति घेतल्याशिवाय छापतां येत नाहीं. फलकावर हंसणाऱ्या मुलांचे फोटो दिसले तर त्यांपैकीं दोघांशीं बोलूं द्या, असें म्हणावें. खरा क्लास लगेच फोन लावून देतो. 'नोकरी लागली' म्हणजे कसली लागली, तेंहि विचारावें. टेलिफोनवर तक्रारी लिहून घेण्याचें काम म्हणजे नेटवर्किंग नव्हे. फसवणूक झालीच तर 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साह्यकेंद्र आहे, आणि 20 जुलै 2020 पासून अमलांत आलेल्या नव्या ग्राहक कायद्याखालीं आपण राहतों त्या ठिकाणींच तक्रार गुदरतां येते; क्लासाच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत.

खाजगी क्लासाखेरीज अन्य वाटा नाहींत काय? आहेत. इंजिनियर झालेल्यांसाठीं पुण्याच्या सी-डॅकचे, म्हणजे 1988 सालीं स्थापन झालेल्या सरकारी संस्थेचे, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत; प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. केंद्र सरकारची नायलिट आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक आणि त्यांचीं जाळीं यांची देखभाल शिकवितात. तेथली फी खाजगी क्लासाच्या मानानें किरकोळ असते, आणि मध्यमवर्गीय घरांत आयटीआय म्हटल्यावर नाक मुरडण्याची जी रीत आहे, ती मला कधींच समजली नाहीं.

शेवटीं एक प्रश्न नेहमीं येतो, त्याचें उत्तर देऊन थांबतों. बारावीनंतर पदवी सोडून थेट याच मार्गाला लागावें काय? माझें उत्तर, पदवी चालूं ठेवावी. कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत पॅकेट ट्रेसरवर पाया घालावा, क्लास शेवटच्या वर्षाच्या आरंभीं लावावा, आणि बाहेरची परीक्षा निकालाच्या आधीं तीन-चार महिने द्यावी. कारण प्रमाणपत्राचीं तीन वर्षें उत्तीर्ण झाल्या दिवसापासून मोजतात. अठराव्या वर्षीं घाईनें मिळविलेलें प्रमाणपत्र, मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत, संपण्याच्या बेतांत आलेलें असतें, आणि मग 300 डॉलरांचा प्रश्न घरांत पुन्हां निघतो.